जुनेर मागायला

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका सुती जुनेराची गरज पडली, आणि ज्या सोलापुरात गल्लीगणिक माग खडखडत होते तिथं मला ते मिळेना.

जुनेर म्हणजे नेसून, धुऊन, उन्हात वाळून मऊ पडलेलं लुगडं. माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. करमाळ्याला, तिच्या सासरी, आधी दोन बाळं झाली होती आणि दोन्ही राहिली नव्हती. पहिलं रडलंच नाही. दुसरं रडलं, पण बारशापर्यंत पोचलं नाही. त्या दुसऱ्याला ताईच्या सासूनं मोठ्या हौसेनं, पुण्याहून मागवलेला झालरीचा नायलॉनचा झगा जन्मल्या दिवशीच घातला होता. आमच्या आईच्या लेखी सगळं तिथंच बिघडलं.

"कोऱ्या कपड्यात लेकरू घेत्यात व्हय कुणी?" आई म्हणायची. "जिची समदी पोरं जगल्यात, तिच्या अंगावरचं जुनेर मागून आणायचं. त्यात पयलं घ्यायचं. इकत न्हाय, बदल्यात न्हाय. मागून."

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी अक्षरं शिकले तीच मुळी पत्रकांवर. वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. वाटून उरलेली पत्रकं ते घरी आणायचे. पाठच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची आणि कंटाळा आला की कागद उलटून वाचायची. गिरणी कामगारांची मागणी, हुंड्याचा धिक्कार, भगत-मांत्रिकांचा समाचार, पाण्यासाठी मोर्चा. इतर मुलींना गोष्टी ऐकून झोप लागायची, मला निषेध वाचून. पुढं मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले आणि वडील ती जुळवताना म्हणायचे, "पोरी, उद्गारचिन्हं जरा बेतानं. खोक्यात तेवढी नाहीत."

त्या वर्षी माझं ताजं भांडण नायलॉनशी होतं. हातमाग बंद पडत होते, विणकर दुसऱ्याच्या यंत्रमागावर उभे राहत होते, आणि बाया वैशाखाच्या उन्हात अंगाला चिकटणारी फुलाफुलांची नायलॉनची पातळं नेसून खूश होत्या. मी हातमागाचंच नेसायचं, आणि नवं घेण्यापेक्षा जुनं वापरायचं, असं ठरवलं होतं. दोन सुती पातळांवर माझं चाललं होतं. म्हणजे ज्या वस्तूसाठी आई अडून बसली होती तिची महती मीच गल्लीभर गात फिरत होते. फक्त माझी कारणं वेगळी होती. म्हणून जास्तच राग यायचा.

"आई, बाळ दवाखान्यात व्हायला पाहिजे. स्वच्छ उकळलेलं फडकं पाहिजे, एवढंच. कुणाची किती पोरं जगली याचा कापडाशी काय संबंध?"

आई भाकऱ्या थापत राहायची. वाद घालायची तिची रीत नव्हती.

बोलली ती ताई. दुपारी ओसरीला भिंतीशी टेकून बसली होती, पाय पसरून. मला म्हणाली, "तू म्हणतीस ते खरं असंल. माझ्यात ताकद न्हाय वाद घालायची. पण तूच आण. आईला पाठवू नको, तिचे पाय सुजल्यात."

"ताई, तुझा तरी विश्वास आहे का यावर?"

"माहीत न्हाय मला." ती पोटावर हात फिरवत राहिली. "मला एवढंच पायजे की ह्या टायमाला समदं केलं. मागनं रातच्याला पडल्या पडल्या असं यायला नको मनात, की हे एक ऱ्हायलं होतं."

मी चपला घातल्या.

घरात का नव्हतं, तेही सांगते. दुष्काळात खडी फोडायला आलेल्या बायांसाठी आम्ही घरोघर कपडे गोळा केले होते. आईनं स्वतः तिची सगळी जुनी लुगडी गाठोड्यात टाकली होती. गल्लीतलं बरंचसं सुती त्या गाठोड्यांतून मंद्रूपकडच्या कामांवर गेलं, त्याचं मला आजही बरंच वाटतं. उरलंसुरलं बोहारणींनी स्टीलच्या डब्यांवर नेलं. आता आमच्या आईच्याही अंगावर वडिलांनी दिवाळीला आणलेलं नायलॉन होतं. तिनं ते धुऊन झटकलं की मी तोंड फिरवायची, आणि ती मुद्दाम माझ्यासमोर झटकायची.

आधी नवी पेठेत गेले. वाटलं, नवं सुती लुगडं घ्यावं, दहा वेळा धुऊन मऊ करावं. दुकानदारानं गादीवरूनच मला ओळखलं.

"या ताई. परवा आमच्या दारात कागद वाटत होत्या त्या तुम्हीच ना? चांगला होता. आमच्या नोकरानं त्यात चिवडा बांधून नेला."

"सुती नऊवारी दाखवा. हातमागाचं."

"सुती?" त्यानं फळीवरून एक गठ्ठा ओढला तर धूळ उडाली. "सुती आता मास्तर लोक नेतात. फळा पुसायला." शेजारी बसलेली गिऱ्हाइकं हसली. त्यानं लुगडं माझ्यापुढं उलगडलं. खळीनं असं कडक झालेलं की घडी मोडताना करकरलं. मी त्यावरून हात फिरवला. चांगलं विणलेलं होतं, पण तान्ह्याच्या अंगाला ते टोचलं असतं, आणि ते मऊ पडेपर्यंत थांबायला आमच्याकडं दिवस नव्हते. मी उठले. मागून तो म्हणाला, "नायलॉनमधे गुलाबी आलंय, बाळंतिणीला द्या!" 

मग मंगळवारच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ओळीला गेले. तिथं बोहारणी दिवसभर गोळा केलेलं पसरून बसत. टेरिलीनचे शर्ट, विटलेल्या विजारी, शाळेचे गणवेश, नायलॉनचे ढीग. उन्हात ते नायलॉन तापून वास मारत होतं. मी वाकून वाकून उपसत होते आणि मनात मात्र उभारी यायला लागली. हे बरोबर आहे, मला वाटलं. फेकून दिलेलं परत वापरायचं, नवं कारखान्यातून निघू द्यायचं नाही. ढिगाच्या तळाला एक सुती इरकल लुगडं हाताला लागलं. काठ विरलेले, रंग काळपट हिरवा, पण अंग असं मऊ की हातातून घरंगळलं.

"घे की," बोहारीण म्हणाली. "म्हाताऱ्या हाडाचं हाय. लई दिवस काढंल."

"बाळासाठी पाहिजे."

तिनं तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबवली. "बाळासाठी? हितनं?" मग खांदे उडवले. "तुझी मर्जी बाई. मी इकनारी."

तिच्या त्या थांबण्याचा अर्थ मला कळला नाही, कारण मी घरी जाईपर्यंत एक अख्खं पत्रक मनात लिहून काढलं होतं. 'जुने तेच निर्मळ!' असा मथळा होता.

आईनं इरकल हातात घेतलं, नाकाला लावलं, उजेडाकडं धरलं.

"कुणाच्या अंगावरचं?"

"मला काय माहीत? बाजारातलं आहे. दोनदा उकळू."

"उकळून मळ जातोय. बाई कोण ती कळतंय व्हय?" तिनं ते माझ्याकडं परत दिलं. "गेलेल्या माणसाचं बी बोहारणीकडंच जातंय की. असं एकादं आपल्या पोरीच्या लेकराला?"

मी आवाज चढवला. जंतू, साबण, विज्ञान, सगळं झालं. वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मुद्दा तुझा बरोबर आहे. पण गिऱ्हाईक कोण आहे ते बघ." मी ओसरीकडं पाहिलं. ताईनं इरकलाकडं एकदा बघितलं होतं आणि मग मान वळवली होती. मी ते खुंटीवर फेकलं.

पुढचे दिवस मी नुसती चालत होते. एका जागी बसवत नव्हतं. ताई कूस बदलताना कण्हली तरी वाटायचं, झालं, आजच. सकाळी एक गल्ली, उन्हं कलली की दुसरी. "आमच्याकडं समदं नायलॉन गं, पोरीचा परकर देऊ का?" असं एक बाई मनापासून म्हणाली. दुसरीच्या दोरीवर सुती लुगडं वाळत होतं. मी विचारलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माझं नको," म्हणाली. "माझा एक मुलगा गेलाय." आणि तिनं दार हळूच लोटून घेतलं. या रीतीविरुद्ध मी जे काही बोलले होते त्या सगळ्यापेक्षा जोरकस कारण मला त्या दारात मिळालं. ती बाई स्वतःलाच वगळत होती. संताप आला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चपला घातल्या, कारण ताई दारात बघत बसली होती.

मग पूर्व भागातली अक्का आठवली.

अक्का विड्या वळायची. तिची भाषा तेलुगू, मराठी तिच्या पद्धतीची, आणि पाच-सहा पोरं, सगळी ठणठणीत, सगळी आरडाओरडा करणारी. विडी कामगार बायांसाठी मी जे पत्रक लिहिलं होतं ते वाटायला मी तिच्या बोळात जात असे. त्या पत्रकाचा मथळा होता, 'बायांनो, कुणापुढे पदर पसरू नका!' उद्गारचिन्ह एकच होतं. वडिलांनी दोन काढून टाकली होती.

बोळात शिरले तेव्हा चार-पाच बाया दारात मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. कात्र्यांची कुटकुट आणि आतून कुठून तरी यंत्रमागाचा धडधडाट. अक्का नायलॉन नेसली होती. पिवळं, लाल फुलांचं.

"रा, रा, कूसो," तिनं सरकून जागा केली. "आज काय वाटायला आणलीस?"

"वाटायला नाही अक्का. मागायला आलेय."

कात्र्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. ताई, करमाळा, दोन बाळं. अक्का ऐकताना विडी दोऱ्यानं बांधत राहिली. संपल्यावर शेजारणीकडं बघून म्हणाली, "आमच्या पोरीनं वाचून दाखवला ना तो कागद? काय हुतं त्याच्यात? पदर पसरू नका. लई आवडला मला. मालकाचा माणूस माझ्या विड्या खराब म्हणून छाटात काढाया लागला तवा मी त्याला तोंडावर म्हणली, मोजून घे, पदर पसरत न्हाय मी."

"मग?" मी विचारलं. मला आनंद झाला होता.

"मग काय. अजून मूठभर छाट काढला."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली. "तेच तर म्हणते अक्का, एकटीनं म्हणून होत नाही, सगळ्यांनी मिळून..."

"थांब. आज तू मागायला आली ना? भाषण नंतर."

ती आत गेली आणि पेटीतून एक लुगडं घेऊन आली. जांभळं, तांबड्या काठाचं. अर्धंच होतं. तिच्या नवऱ्याचा स्वतःचा हातमाग होता तेव्हा त्यानं तिच्यासाठी विणलेलं. आता तो दुसऱ्याच्या यंत्रमागावर होता. "हे नेसूनच समदी बाळंतपणं काढली," ती म्हणाली.

"उरलेलं अर्धं?"

तिनं सुपाशेजारचं गाठोडं दाखवलं. ओलं फडकं, आत विडीची पानं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिजवलेली पानं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात. पान सुकलं की वळताना फुटतं, विडी छाटात जाते, तिची मजुरी बुडते. ते जांभळं फडकं विरत चाललं होतं, आणि पेटीतलं अर्धं त्याच्या जागी यायचं होतं.

"हे दिलं तर पानं कशात ठेवनार गं?" शेजारीण म्हणाली. "उन्हाळा बघ."

"नायलॉनात ठेवती!" दुसरी म्हणाली. "झकास दिसतील पानं."

मी उठले. "राहू दे अक्का. मला माहीत नव्हतं. मी दुसरीकडं बघते."

अक्काचा चेहरा एकदम बदलला. "दुसरीकडं? माझ्या दारात बाळाचं मागणं आणलीस आन् रिकामी जातीस? ते लागतंय माझ्या पोरांला."

म्हणजे मी तिला बांधूनच टाकलं होतं. मागितलं त्या क्षणीच तिला नाही म्हणायची सोय उरली नव्हती, आणि मला परत फिरायची. मी घाईघाईनं म्हणाले, "मग असं करू. माझ्याकडं घरी एक इरकल आहे, बाजारातलं. मऊ आहे. ते आत्ता आणते तुझ्या पानांसाठी, आणि..."

"बदली?" ती ओरडलीच. "बदली केली तर मी बोहारीण झाले की! तुझ्या आईनं सांगितलं न्हाय?"

"सांगितलं."

"मग नीट माग."

सगळ्या बघत होत्या. नीट म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "अक्का, नुसतं हातात दे ना."

"हातात उसनं देत्यात."

माझ्या खांद्यावर हातमागाचा पदर होता. तो सोडवायला मला फार वेळ लागला. मालकापुढं, सावकारापुढं, सासऱ्यापुढं पसरायचा नाही असं मी लिहिलं होतं, आणि ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं एकही बाई अशी नव्हती जी पलीकडून कापड घेऊन, डोळे बारीक करून, हसू दाबून उभी आहे. मी पदर दोन्ही हातांत धरला. शेवटी म्हणाले, "ताईच्या बाळाला दे."

तिनं जांभळं लुगडं घडी न करताच पदरात टाकलं. मग माझ्या गालाला हात लावून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

"आता ऐक," ती खाली बसत म्हणाली, आणि सूप मांडीवर ओढलं. "ते इरकल मला पायजे. पण बाळ रडल्याबिगर आणू नको. आधी आणलीस तर ती बदली."

मग माझी खरी तगमग सुरू झाली. आधी एकच बाई थांबली होती, आता दोन. ताईचे दिवस उलटून गेले. ऊन वाढत होतं. ते इरकल खुंटीवर लोंबत होतं आणि तिकडं अक्काची पानं सुकत होती, विड्या फुटत होत्या, छाट वाढत होता. आणि मी ते उचलून बोळात नेऊ शकत नव्हते. मूर्खपणा आहे, मी स्वतःला म्हणायची. एका कापडाची गरज आहे, ते कापड घरात आहे, मध्ये काय आहे? दोनदा ते खुंटीवरून काढलं. एकदा तर दारापर्यंत गेले. ओसरीवरून ताई म्हणाली, "कुटं निघालीस ते घेऊन?" मी परत टांगलं.

पहाटे पहाटे तिला कळा सुरू झाल्या. सुईणीवर भागवायचं नाही, दवाखान्यातच न्यायचं, ही माझी अट आईनं निमूट मानली होती; टांगा मीच आणला. जांभळं लुगडं मी उकळून, उन्हात कडकडीत वाळवून ठेवलं होतं. नर्सनं पिशवीत डोकावून विचारलं, "ह्या चिंध्या कशाला?"

"चिंध्या नाहीत, जुनेर आहे!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाकावरचे लोक वळले. "उकळलेलं आहे. यातच घ्यायचं बाळ." 

माझाच आवाज मला ओळखू येईना. नर्सनं कपाळाला आठ्या घातल्या आणि ते आत नेलं.

आई भिंतीशी बसून होती. मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतली गडबड एकदम थांबली आणि काहीच ऐकू येईना. आईनं डोळे मिटून घेतले. मला त्या वेळी एकही मुद्दा आठवत नव्हता. फक्त ते कापड आत कुणी बाजूला तर ठेवलं नसेल ना, एवढंच डोक्यात होतं.

मग ते रडलं. आधी मांजरासारखं, मग भांडल्यासारखं.

ताईला भेटू दिलं तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते. मुलगा का मुलगी हे तिनं विचारलं नाही. मला म्हणाली, "कशात घेतलं?"

"त्यातच."

तिनं मान हलवली आणि झोपली.

आई म्हणत होती बारसं होऊ दे, मग जा. पण अक्कानं रडल्याबिगर एवढंच सांगितलं होतं, आणि रडणं तर गल्लीभर ऐकू जात होतं. घरी आल्या दिवशीच मी इरकल काखेत मारलं आणि पूर्व भागाची वाट धरली. बोळात कात्र्या चालू होत्या. अक्काच्या सुपाशेजारी छाटाचा ढीग होता, मी कधी पाहिला नव्हता एवढा. मी इरकल पुढं केलं.

"थांब," ती म्हणाली. "बाळ?"

"रडतंय."

"लई?"

"सारखं रडतंय अक्का. शेजारी भांडायला आले."

ती उठली, सूप बाजूला ठेवलं, पिवळ्या नायलॉनचा पदर खांद्यावरून ओढला आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी पसरला. "दे बाई," ती म्हणाली, "माझ्या पानांला." शेजारणी खिदळत होत्या. मी इरकल त्यात टाकलं. नायलॉनवरून ते सर्रकन घसरलं आणि जमिनीवर पडलं.

"बघ," मी म्हणाले, "सुती असतं तर राहिलं असतं."

"गप," अक्का म्हणाली, आणि वाकून ते उचललं, तांब्यातलं पाणी शिंपडून भिजवलं, आणि पानं गुंडाळायला लागली.